मे महिन्यात विका, दिवाळीला घ्या? आबांची वही आणि बाजाराचे ऋतू

खतावणी (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातलाच आहे, पण इथे बाजारात मुरलेली बरीच माणसं आहेत म्हणून जरा सविस्तर मांडते.

सांगलीजवळ आमची थोडी हळद असते. मार्च-एप्रिलमध्ये सौदे होऊन पट्टी हातात पडते आणि वर्षाचा मोठा पैसा तोच. त्यातला काही भाग दरवर्षी शेअर आणि म्युच्युअल फंडात जातो. यंदा पट्टी झाल्याच्या दिवशीच धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता नका घालू. मे महिन्यात बाजार पडतोच. पैसे बँकेत राहू द्या, दिवाळीला घेऊ." हे त्यांनी व्हिडिओत ऐकलेलं. पण बोलले इतक्या खात्रीने की मी थांबले.

मग आठवली आबांची वही. आबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त शिक्षक. जानेवारी १९९७ पासून प्रत्येक महिनाअखेरीचा सेन्सेक्स ते पेपरातून उतरवून ठेवतात. किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी लांबोडकी, कापडी बांधणीची वही. महिना, आकडा, वर की खाली असे तीन रकाने निळ्या शाईत आणि डावीकडच्या समासात लाल शाईत दोन-चार शब्द. लक्ष्मीपूजनाला वही पाटावर असते, त्यामुळे पहिल्या काही पानांवर हळदीची बोटं उमटली आहेत.

मी दोन रात्री बसून नुसते आकडे एक्सेलमध्ये भरले आणि मे महिन्याची ओळ वेगळी काढली. दिरांचा चेहरा खुलला. मे १९९८ खाली. मे २००४ तर जवळजवळ १६ टक्के खाली, ५६५५ वरून ४७६०. मे २००६ पुन्हा खाली. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

आबा शेजारी बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "समास वाच."

मे १९९८ समोर लाल शाईत होतं: "पोखरण. निर्बंध." मे २००४ समोर: "निकाल. १७ ला दोनदा बाजार बंद." ज्यांना तो सोमवार आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकार बदललं होतं, नव्या सरकारला डाव्यांचा पाठिंबा लागणार होता आणि निर्गुंतवणुकीचं (सरकारी कंपन्यांतले हिस्से विकण्याचं) काय होणार या धास्तीने सेन्सेक्स दिवसात ८४० अंकांपर्यंत कोसळला. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. बंद होताना घसरण ११ टक्के होती.

आणि मे २००९ समोर पुन्हा तोच शब्द: "निकाल. वरचं सर्किट." १८ मे २००९, तोही सोमवारच. बाजार उघडला आणि मिनिटभरात वरच्या सर्किटला, म्हणजे ज्या वाढीनंतर व्यवहार थांबवतात त्या मर्यादेला, जाऊन थांबला. दिवसाची वाढ २११० अंक, १७ टक्क्यांहून जास्त. तो महिना ११४०३ वरून १४६२५ वर गेला, म्हणजे २८ टक्के वाढ. "मे महिन्यात विका" म्हणून जो एप्रिलअखेर बाहेर पडला, त्याच्या हातून २८ टक्के गेले.

म्हणजे एकाच महिन्याच्या ओळीत एक मोठी घसरण आणि एक मोठी उसळी, आणि दोन्हींचं कारण एकच: मतमोजणी. ती मे मध्ये होती म्हणून मे लाल किंवा हिरवा झाला. त्याआधी १९९८ च्या लोकसभा निवडणुका फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या, १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. २०२४ ला मतमोजणी ४ जूनला गेली. ३ जूनला मतदानोत्तर चाचण्यांवर सेन्सेक्स २५०७ अंक वर आणि दुसऱ्याच दिवशी ४३९० अंक खाली. हे दोन्ही दिवस वहीत जूनच्या ओळीत आहेत. मोजणी चार दिवस आधी झाली असती तर मे च्या खात्यात बसले असते आणि कुणीतरी त्यावरून मे बद्दल नवा नियम सांगितला असता.

अर्थसंकल्पाचंही तसंच. तो आधी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी असायचा, २०१७ पासून १ फेब्रुवारीला येतो. त्यामुळे अर्थसंकल्पाआधीची जी धाकधूक असते ती एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात गेली. निवडणुकीच्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्प जुलैत. ६ जुलै २००९ ला सेन्सेक्स ८७० अंकांनी पडला होता आणि आबांच्या समासात "अर्थसंकल्प, निराशा" असं आहे. आता जुलै वाईट म्हणायचा का?

मला यावर तुमची मतं हवी आहेत. ऋतूप्रमाणे बाजार चालतो हे तुमच्या अनुभवात खरं ठरलंय का? आणि ठरलं असेल तर कशामुळे? नुसते महिने नकोत, कारण सांगा.

—

पेठेतला:

ताई, वही जपून ठेवा. असा ऐवज सहसा कुणाकडे नसतो.

मी कर सल्लागार आहे, त्यामुळे माझी बाजू पैशाच्या हिशोबाची. तुमचे दीर म्हणतात तसं खरंच दर दिवाळीला घेतलं आणि दर मे मध्ये विकलं, तर प्रत्येक वेळी शेअर हातात राहतो सहा-सात महिने. म्हणजे नफा कायम अल्पमुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर २० टक्के कर आहे, वर सेस (उपकर). तोच शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के.

आकड्यात सांगतो. १० लाख घातले, सहा महिन्यांत ८ टक्के मिळाले, म्हणजे ८० हजार. कर १६ हजार, ४ टक्के सेस धरून १६६४०. शिवाय दोन्ही वेळची दलाली आणि एसटीटी (शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा कर). जो बसून राहिला त्याचे हे १६ हजार बाजारातच काम करत राहतात. उन्हाळ्याचे सहा महिने बाहेर बसून एवढं भरून निघेल इतकी घसरण दरवर्षी यायला हवी. तशी ती येत नाही.

कराचा म्हणून एक खरा ऋतू मात्र आहे. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्चच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्या कार्यालयात हेच काम असतं: कुणाचा कुठे तोटा अडकलाय तो विकून नोंदवायचा, नफ्यासमोर वजा करायचा, उरला तर पुढे आठ वर्षं ओढायचा. बरेच जण एक दिवस सोडून तोच शेअर परत घेतात. त्याच दिवशी घेतला तर तो इंट्राडे (एकाच दिवसातला सौदा) धरला जातो आणि सगळा खटाटोप वाया. आधीच पडलेले, छोट्या कंपन्यांचे शेअर मार्चअखेर आणखी दबतात आणि एप्रिलमध्ये थोडी हालचाल दिसते ती यामुळे. याला कारण आहे, तारीख आहे, म्हणून मी हा ऋतू मानतो. पण मोठ्या निर्देशांकात तो शोधायला जाऊ नका, तिथे इतर पैशाच्या रेट्यात तो बुडून जातो.

—

मृगसरी:

वाचतोय. पावसाबद्दल लिहायचं आहे, पण आता रानात आहे. रात्री लिहितो.

—

गणितवाली:

धागा फार आवडला. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच उदाहरण देते.

वहीत साधारण २५-३० मे महिने असतील. म्हणजे मे बद्दल आपल्याकडे माहितीचे फक्त २५-३० ठिपके. आपल्या निर्देशांकाची महिन्याची चढउतार बघितली तर प्रमाण विचलन (महिने सरासरीपासून किती दूर पसरतात त्याचं माप) साधारण ६ टक्क्यांच्या आसपास येतं. ६ भागिले ३० चं वर्गमूळ, उत्तर सव्वा टक्क्याच्या आत. म्हणजे "मे ची सरासरी एक टक्का कमी" असं कुणी सांगितलं तर तो फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो. बारा महिन्यांतला एक सर्वांत वाईट दिसणारच. बारा फासे टाकले तर एकावर सर्वांत कमी ठिपके येणार, म्हणून तो फासा खोटा ठरत नाही.

दुसरं, सरासरीला एकेक महिना कसा ओढतो ते पाहा. मे २००९ चे २८ टक्के २५ वर्षांत वाटले तर एकट्या त्या महिन्याने मे च्या सरासरीत १.१ टक्के भरले. ऑक्टोबर २००८ मध्ये सेन्सेक्स १२८६० वरून ९७८८ वर आला, जवळपास २४ टक्के घसरण. तो एक महिना काढला तर ऑक्टोबरची सरासरी एक टक्क्याने सुधारते. मार्च २०२० ला २३ टक्के घसरण. मार्चचं तसंच. हे तीन महिने वगळून तक्ता केला की "चांगले" आणि "वाईट" महिने जागा बदलतात.

खतावणीताई, सरासरीबरोबर मध्यकही काढा. सगळे मे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. एखाद्या अवाढव्य महिन्याने तो हलत नाही.

—

न्यू जर्सीकर:

मे महिन्याची ही म्हण मूळची लंडनची. तिकडचे शेअर दलाल उन्हाळ्यात शहर सोडून जायचे आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला सेंट लेजरची घोड्यांची शर्यत झाली की परत कामाला लागायचे. "मे मध्ये विका आणि सेंट लेजरच्या दिवशी परत या" असा तिचा पूर्ण अर्थ. लंडनच्या उन्हाळी सुट्ट्यांचा आपल्या वैशाखाशी काय संबंध, हा प्रश्न विचारायला हवाच.

अभ्यास झालेले आहेत हेही सांगतो. बाउमन आणि जेकबसन यांनी २००२ साली ३७ देशांचे बाजार तपासले आणि ३६ मध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ मे ते ऑक्टोबरपेक्षा सरस दिसला. म्हणून ही गोष्ट निव्वळ भाकड म्हणून मी उडवून लावणार नाही. कारणाबद्दल मात्र एकमत नाही.

इथला जानेवारीचा किस्सा आपल्या मार्च-एप्रिलसारखाच आहे. अमेरिकेत करवर्ष डिसेंबरला संपतं. लोक तोट्यातले छोटे शेअर डिसेंबरात विकतात आणि जानेवारीत ते वर येतात. १९७६ मध्ये रोझेफ आणि किनी यांनी जानेवारीतली ही वाढ आकड्यांनिशी मांडली. सगळ्यांना कळल्यावर लोक डिसेंबरातच खरेदी करू लागले आणि पुढच्या दशकांत तो परिणाम बराच विरळ झाला. जे सगळ्यांना ठाऊक होतं त्याची किंमत आधीच लागून जाते. भारतात "जानेवारी चांगला" हे इथून उसनं घेतलेलं दिसतं. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १४०८ अंकांनी पडला आणि दुसऱ्या दिवशी खालचं सर्किट लागलं, हे ज्यांनी सोसलं ते जानेवारीवर विसंबणार नाहीत.

—

खतावणी:

पेठेतला दादा, कराचा हिशोब दिरांना वाचून दाखवला. ते वही-पेन घेऊन बसले आणि १६६४० वर त्यांनी दोनदा रेघ ओढली. गणितवालीताई, मध्यकाचं काम रविवारी करते.

वाचताना आणखी एक सापडलं. मे १९९९ समोर आबांनी "कारगिल" लिहिलंय. मला वाटलं महिना खाली असणार. पण तो चांगला वर आहे! एप्रिलमध्ये सरकार पडलं तेव्हा बाजार कोसळला होता आणि युद्धाच्या महिन्यात तो सावरला. समासातला शब्द वाचूनसुद्धा दिशा सांगता येत नाही, हे मला नवीन होतं. आबांना विचारलं तर म्हणाले, "म्हणून तर दोन्ही लिहितो."

—

मृगसरी:

आता निवांत लिहितो. आमचं गाव बीड जिल्ह्यात. आमच्याकडे वर्षाचे ऋतू कॅलेंडरवर नसतात, नक्षत्रांवर असतात, आणि रोहिणी-मृगाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला "यंदा मान्सून चांगला, बाजार वर" हे टीव्हीवर ऐकताना फार वेगळं वाटतं. मी बारा वर्षांपासून शेअर घेतो. सुरुवातीला मी हवामान खात्याचा एप्रिलच्या मध्याचा पहिला अंदाज आला की त्यावर खरेदी करायचो. ते सोडलं, कारण मी बसून वर्षं लावली.

२००२: देशात पाऊस सरासरीच्या ८१ टक्के, भीषण दुष्काळ. सेन्सेक्स वर्षभरात थोडा वरच. २००९: पाऊस ७८ टक्के, कित्येक वर्षांतला सर्वांत कमी. सेन्सेक्स त्या वर्षी ८० टक्क्यांहून अधिक वाढला. २०१४: पाऊस ८८ टक्के, बाजार ३० टक्क्यांच्या आसपास वर. २०१५: पाऊस ८६ टक्के, बाजार ५ टक्के खाली, हे एक जुळलं. आणि २००८ ला पाऊस जवळजवळ सरासरीइतका पडला आणि सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा. आमच्याकडे सोयाबीन शेंगा भरायच्या आत वाळलं. त्या वर्षी सेन्सेक्स जवळजवळ १९ टक्क्यांनी वर.

२०१४ आणि २०१५ सलग दोन वर्षं दुष्काळ होता. लातूरला पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या काळात मी बाजारात फायद्यात होतो आणि माझी विहीर कोरडी होती. हे दोन्ही एकाच घरात सांभाळताना जीव कसा होतो ते शब्दांत येत नाही.

कारण सरळ आहे. निर्देशांकात ज्या कंपन्या बसल्या आहेत त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वजन बँका आणि वित्त कंपन्यांचं. मग आयटी, जिचं गिऱ्हाईक अमेरिकेत. मग तेल, औषधं, गाड्या. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण १८ टक्के, पण त्यावर पोट असलेली माणसं चाळीस टक्क्यांहून जास्त. पाऊस हुकला तर माणसांना झळ बसते, निर्देशांकाला तेवढी बसत नाही. पावसाची वाट बाजारात येते ती वळसा घेऊन: भाजी-डाळी महागतात, महागाई वाढते, मग रिझर्व्ह बँक व्याजदर खाली आणायला कचरते. ट्रॅक्टर, दुचाकी, खतं यांच्या शेअरवर थेट परिणाम दिसतो. पण तिथेही देशाची सरासरी बघून चालत नाही. पाऊस कुठे पडला आणि कधी पडला हे बघावं लागतं.

—

दुकानदार:

मृगसरी दादांनी वळशाची वाट म्हटलं, त्यावर माझ्या धंद्यातलं सांगतो. मी पंखे, कूलर, एसीचा डीलर, विदर्भातला. आमच्याइतका ऋतूवर जगणारा धंदा नसेल.

बाहेरच्याला वाटतं एसी एप्रिल-मे मध्ये विकले जातात म्हणजे कंपनीची कमाई तेव्हा. तसं नाही. आम्ही माल भरतो तो जानेवारी ते मार्च. कंपनीचे लोक योजना घेऊन येतात, इतके नग उचलले तर इतकी सूट. माल गोदामातून आमच्याकडे निघाला की कंपनीच्या दृष्टीने विक्री झाली. म्हणून जानेवारी-मार्च तिमाही झळकते. मग एप्रिल-मे तापला तर आम्ही पुन्हा ऑर्डर देतो. तापला नाही तर तोच माल आमच्या गोदामात उभा राहतो आणि एप्रिल-जून तिमाहीत कंपनीकडे कुणी ऑर्डर देत नाही.

२०२५ ला हेच झालं. मे मध्येच वळिवाने झोडपलं. मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत, मुंबईच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. माझ्याकडे खोक्यांची रांग छतापर्यंत होती. आम्ही ताडपत्री टाकून ठेवली होती, कारण एक कोपरा गळत होता. पुढे कंपन्यांचे एप्रिल-जूनचे निकाल आले तेव्हा पेपरात "अनपेक्षित घट" वाचलं. आमच्या गल्लीतल्या एकालाही ती अनपेक्षित नव्हती.

पण शेअर म्हणून बघितलं तर? "उन्हाळा येतोय, एसीचे शेअर घ्या" हे मार्चमध्ये सगळे म्हणतात, म्हणजे मार्चमध्ये भाव आधीच चढलेला असतो. उन्हाळा नेहमीसारखा तापला तर भाव जागेवर. ठरल्यापेक्षा वेगळं घडलं तरच हलतो.

—

मांडवी:

पितृपक्षाचा विषय कसा नाही निघाला अजून? आमच्या ओळखीत म्हाळाच्या पंधरवड्यात एक शेअरही न घेणारी कितीतरी माणसं आहेत. श्रद्धेचा मान ठेवून लिहितो. २००८ ला अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरची. दुसऱ्या दिवशी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि पितृपक्षात जगभरचे बाजार हादरत राहिले. सर्वपित्रीच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, अमेरिकी प्रतिनिधिगृहाने बँकांच्या मदतीचं विधेयक फेटाळलं आणि तिथला डाऊ निर्देशांक ७७७ अंक पडला. ज्यांनी हे बघितलं त्यांच्या मनात ते कायमचं बसलं.

आता दुसरा पितृपक्ष. २० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. जीएसटी परिषदेची बैठक आमच्या पणजीत होती आणि त्याआधी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तिथेच पत्रकार परिषदेत कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. मी तेव्हा पणजीतच कामाला. जेवायच्या सुट्टीत खानावळीत सगळ्यांचे फोन वाजायला लागले. समोर बसलेल्या सहकाऱ्याने म्हाळ संपेपर्यंत म्हणून दोन आठवडे खरेदी अडवून ठेवली होती. तो ताटातला भात कालवत नुसता पडद्याकडे बघत होता. सेन्सेक्स त्या दिवशी १९२१ अंक वर बंद झाला, सोमवारी आणखी हजाराहून जास्त.

म्हणजे पंधरवडा तोच आणि घटना दोन. शिवाय आपली तिथी इंग्रजी महिन्यांत फिरत असते. अधिक महिना आला की दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला जाते, नाहीतर ऑक्टोबरात येते. "ऑक्टोबर" म्हणून जो तक्ता करता त्यात कधी दिवाळी असते, कधी नसते.

—

लक्ष्मीपूजन:

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मुहूर्ताच्या सौद्यांना (लक्ष्मीपूजनाला बाजार तासभर खास उघडतो ते) सगळे "नुसता शकुन" म्हणतात. मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून ही प्रथा आहे. माझे वडील गिरगावात राहायचे, गिरणीत नोकरी. दर लक्ष्मीपूजनाला ते एका कंपनीचे थोडे शेअर घ्यायचे, जमतील तेवढे, कधी पाच. बाजार वर आहे की खाली, विचारायचे नाहीत.

२००८ चं लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला होतं. आदल्या दिवशी सेन्सेक्स मध्येच ७६९७ पर्यंत खाली जाऊन बंद होताना थोडा सावरलेला, शेजारपाजारचे सगळे बाजाराला हात जोडून बाहेर पडलेले. वडिलांनी आंघोळ केली, पूजा केली आणि दलालाला फोन लावला. आवाज हळू होता, पण ऑर्डर दिली. त्या तासाभरात सेन्सेक्स ५०० अंक चढून ९००८ ला बंद झाला. नंतर तो परत घसरला, पुढच्या मार्चमध्ये ८१६० झाला, तरी वडिलांनी विकलं नाही. मुहूर्ताने भाव चांगला मिळतो असं माझं म्हणणं नाही. पण त्या भीतीच्या आठवड्यात त्यांना हात पुढे करायला लावला तो त्या तिथीने. ते शेअर आजही आईच्या नावावर आहेत.

दिवाळी आली म्हणून बाजार चढतो असं मात्र कुणी समजू नये. २०२४ चं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबरअखेर सेन्सेक्स ८५९७८ ला टेकला आणि ऐन दिवाळीच्या ऑक्टोबरात परदेशी संस्थांनी ९४ हजार कोटींचे शेअर विकले. चीनकडे पैसा वळला, आपले तिमाही निकालही मऊ आले.

—

गणितवाली:

लक्ष्मीपूजन, वडिलांची गोष्ट वाचून डोळे भरले. आणि तुमच्या शेवटच्या परिच्छेदातून एक महत्त्वाचा धागा निघतो. त्याच ऑक्टोबर २०२४ मध्ये एसआयपीतून (म्युच्युअल फंडातल्या दरमहा ठरावीक हप्त्यांतून) २५३२३ कोटी आले आणि देशी संस्थांनी लाख कोटींहून जास्त खरेदी केली. पंधरा वर्षांपूर्वी परदेशी पैसा डिसेंबरच्या सुट्ट्यांना थांबला किंवा ऑक्टोबरात गेला की आपला बाजार त्याच तालावर हलायचा. आता दर महिन्याच्या १, ५, १० तारखेला पगारदारांचा पैसा येतो, त्याला मे आणि दिवाळी सारखेच. २००० सालचे आणि आजचे महिने एकाच रकान्यात मांडून सरासरी काढणं म्हणूनच मला पटत नाही. बाजारातली माणसंच बदलली आहेत.

जाता जाता, कुणी "डिसेंबर हमखास चढतो" म्हणून ऑप्शन (पुढच्या भावावर पैज लावण्यासारखे करार) घ्यायला सांगत असेल तर कळकळीने सांगते, घेऊ नका. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकूण १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. माझ्या वर्गातली मुलं आहेत त्यांत.

—

खतावणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर पूर्ण धागा आबांना मोठ्याने वाचून दाखवला. मृगसरी दादांच्या विहिरीशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला सांगितलं. वहीत २०१४ आणि २०१५ चे बाराही महिने आहेत, समासात निकाल आहे, चीन आहे, व्याजदर आहे, पण पाऊस एकदाही नाही. "आपल्याला कृष्णेचं पाणी होतं म्हणून सुचलं नाही," म्हणाले. मग चष्मा लावून ऑगस्ट २०२३ च्या ओळीसमोर लाल शाईने "पाऊस नाही" असं लिहिलं.

पैशाचं असं ठरलं. आमचा पैसा येतो हळदीच्या पट्टीला, म्हणून आमची खरेदी पट्टीनंतर. सगळा एकदम न घालता लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, हवे तेव्हा पैसे काढता येणारा फंड) ठेवून दर महिन्याच्या ७ तारखेला ठरावीक रक्कम पुढे न्यायची, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. दिरांचं समाधान व्हावं म्हणून मे चा हप्ता वगळू का, असं मी विचारलं होतं. तेच नको म्हणाले. लक्ष्मीपूजनाला मात्र आबांच्या हातून पाच शेअर वेगळे घेणार आहोत. कुठल्या कंपनीचे, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पेठेतला दादा, एक विचारायचं राहिलं. हळदीचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त, पण लिक्विड फंडातून दर महिन्याला पैसे काढताना जो थोडा नफा होईल तो विवरणपत्रात कसा दाखवायचा?

—

पेठेतला:

ताई, लिक्विड फंडातून प्रत्येक वेळी पैसे पुढे जातात तेव्हा ती विक्रीच असते. त्यातला नफा, कितीही थोडा असो, तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना ते धरलं जाऊ शकतं, त्यामुळे विवरणपत्रात दाखवा. फंडाकडून वर्षाचं भांडवली नफ्याचं पत्रक मिळतं, एप्रिलमध्ये मागवून ठेवा. हळदीच्या पट्ट्याही फाइलला लावा, मूळ प्रती.

आबांना नमस्कार सांगा.